कागदी बिल्ले

६ जानेवारी

धाकटे,

पोचले. आत्याचं घर उंचावर आहे, हवा कोरडी आहे आणि आत्या पूर्वीपेक्षा कमी ऐकते. मला बोलावं लागत नाही, तिला ऐकावं लागत नाही, दोघींचं झकास चाललंय. बोललं की खोकल्याची उबळ येते, म्हणून फोन करू नकोस. चार ओळी लिहीत जा. लिहायचा तुला शाळेपासून कंटाळा, पण हे तीन महिने सोस.

आता संग्रहालयातल्या आपल्या भुंगेऱ्यांच्या खोलीचं. तोंडी सगळं सांगितलंय, तरी लिहिते, कारण मी सांगत असताना तुझं अर्धं लक्ष चेष्टेत होतं. उंटावरून शेळ्या हाकते म्हणालीस तरी चालेल.

पहिलं म्हणजे मास्क. आत शिरण्याआधी बांधायचा, शिरल्यावर नाही. अळ्या कात टाकतात, त्यांचे बारीक केस हवेत राहतात आणि माझी छाती त्यांनीच घालवली. सहा वर्षं मी सगळ्यांना 'हवा बदलली' म्हणून सांगत राहिले. तो शहाणपणा तू करू नकोस.

मंडळींना, म्हणजे हाडं साफ करणाऱ्या आपल्या भुंगेऱ्यांना, ऊब लागते आणि अंधार लागतो. पाण्याची वाटी ठेवायची नाही, बुडून मरतात. कापसाचा बोळा भिजवून, घट्ट पिळून कोपऱ्यात ठेव. ओल जास्त झाली की बुरशी आलीच. जनावराचं डोकं टाकीत टाकण्याआधी कातडं, डोळे, जीभ, मेंदू सगळं काढायचं आणि दोन दिवस पंख्याखाली सुकवायचं. ओलं मांस आपल्या भुंगेऱ्यांना आवडत नाही, माश्यांना आवडतं. मीठ लावलेलं किंवा औषधात बुडवलेलं दिलंस तर तोंड लावणार नाहीत. आणि उपाशी ठेवलंस तर एकमेकांना खातील.

बाहेर काढलेली कवटी आठवडाभर फ्रीझरमध्ये. यात सूट नाही. एखादी मादी नाकपुडीत बसून वरच्या मजल्यावर गेली, तर संग्रहालयातले भुसा भरलेले सगळे प्राणी वर्षभरात फस्त होतील आणि त्यांच्या जागी साहेब तुला भुसा भरून उभं करतील.

शेवटचं बिल्ल्यांचं. नंबर पितळेच्या पट्टीवर पंचाने ठोकायचा आणि पट्टी तारेने जबड्याला बांधायची. कागद, पुठ्ठा, दोरा, कापड काही आत जाता कामा नये. कोशात जायची वेळ आली की अळी समोर येईल ते पोखरते. बिल्ला गेला की ती कवटी कुठल्या जनावराची, कुठून आणलेली, काही सांगता येत नाही, नुसतं हाड उरतं. एकोणीस वर्षांत माझा एक बिल्ला चुकलेला नाही. कोणी न विचारता मी स्वतःबद्दल सांगते अशी ती एकच गोष्ट आहे.

साहेबांनी माझी जागा एप्रिलअखेरपर्यंत राखलीय. छातीच्या तपासणीचा रिपोर्ट तुझ्या पत्त्यावर येईल, आला की पाठव. पंधरा एप्रिलला मी हजर. तिकीट खिडकीत बसून कंबर मोडली म्हणत होतीस ना, आता उभं राहायचं काम घे.

ताई

१७ जानेवारी

ताई, साष्टांग नमस्कार, मास्क बांधूनच लिहितेय.

तुझी मंडळी खुशाल आहेत. पहिल्या दिवशी झाकणाला कान लावला तर आत कोणीतरी वाळकी पानं चुरतंय असा आवाज. मी झाकण न उघडताच बाहेर आले आणि दारातून त्यांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी ओळख झाली. त्यातल्या एका जाड्याचं नाव मी साहेब ठेवलंय. दिवसभर काही करत नाही आणि सगळ्यांच्या अंगावरून फिरतो. काल खरे साहेब खोलीत डोकवायला आले, तेव्हा मी टाकीत बघून म्हणाले, 'साहेब, बाजूला व्हा.' दोघंही झाले.

तिकीट खिडकीतली माझी शेजारीण आता माझ्याजवळ जेवायला बसत नाही. वास येतो म्हणते. मी म्हटलं, बाई, जिवंत माणसांच्या रांगेचा वास तुला आठ तास चालतो, माझाच नाही होय.

आता कामाचं. काल पाणमांजरं आली, सहा. ती नदीवर हिंडणारी संशोधक बाई आहे ना, तिची. मी तिला पाणमांजरबाई म्हणते, तोंडावर नाही. चार वर्षं तिने नदीकाठी मेलेली पाणमांजरं जमवली, तीन कारखान्याच्या वरच्या अंगाची, तीन खालच्या अंगाची. पाण्यातून हाडांत काय उतरलंय ते तिला तपासायचंय. प्रत्येकाच्या मागच्या पायाला तिने स्वतः प्लॅस्टिकचा बिल्ला बांधलाय. डोकी वेगळी करताना माझ्या डोक्यावर उभी होती. तीनदा बजावलं, वरचं कुठलं आणि खालचं कुठलं यात गोंधळ झाला तर चार वर्षं पाण्यात. मी म्हटलं, तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही, तिच्या खोलीत गोंधळ होत नाही.

पंचाची दांडी मोडली. म्हणजे मीच मोडली, पहिल्याच नंबराला. दुरुस्तीला तीन आठवडे लागतील म्हणतात.

आणि एक. कचेरीत म्हणतात की नोंदपत्रकावर तुझीच सही चालते, मी तात्पुरती म्हणून माझी नाही. चार कोरी पत्रकं सोबत आहेत. सह्या करून पाठव, जसजसं काम येईल तशी मी भरत जाईन.

रिपोर्ट अजून आलेला नाही. तू काळजी करू नकोस, झोप काढ.

धाकटी

२४ जानेवारी

धाकटे,

'दोघंही झाले' वाचून इतकी हसले की खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. आत्याला वाटलं वाईट बातमी आली. तिला मोठ्यांदा वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, 'साहेबांना किडे चावले का?' असो.

सह्या केल्यात. कोऱ्या कागदावर सही करू नये असं बाबा सांगायचे, पण ते परक्यांबद्दल.

पंच नाही तर डोकी आत टाकायची नाहीत. फ्रीझरमध्ये राहू देत. बाई चार वर्षं थांबली, तीन आठवडे आणखी थांबेल. मंडळींना तोवर सुकवलेल्या कोंबडीच्या माना दे. कागदाचा मोह होईल, होतोच, पण करू नकोस.

मला इथे आता जिना एका दमात चढता येतो. मी आल्यावर दुसरी टाकी भिंतीकडे सरकवू आणि वरती एक पंखा बसवून घेऊ, म्हणजे धूळ बाहेर जाईल. साहेबांशी मी बोलेन. आणि तुला माझ्या हाताखाली कायमची घ्या असंही सांगेन. दोघींचं काम आहे ते, मी हट्टाने एकटीने केलं.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

उशीर झाला, रागवू नकोस. काम फार होतं.

पाणमांजरं झाली. छान स्वच्छ निघाली, बाई पुढच्या आठवड्यात घेऊन जाणार. बिल्ल्यांचं सगळं नीट आहे.

एक विचारायचं होतं, सहज. पाणमांजराचं पिल्लू आणि मोठं पाणमांजर, कवटीवरून कसं ओळखायचं? नर-मादी ओळखता येतं का? बाईशी बोलताना मी अगदीच अडाणी दिसते, म्हणून विचारते.

साहेबांशी बोलायचं म्हणत होतीस. बोलण्यापेक्षा आत्ताच चार ओळी लिहून पाठवल्यास तर बरं. मार्चमध्ये ते कायम जागांची यादी करतात म्हणे. तू लिहिलंस तर नाही म्हणणार नाहीत.

घसा जरा धरलाय. बाकी ठीक. रिपोर्टचं त्या लोकांना विचारते.

धाकटी

२६ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. एकोणीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. लोक खोलीत येतात, नाक धरतात आणि 'किती दिवसांत होईल' एवढंच विचारतात.

कवटीच्या वरच्या बाजूला हाडांच्या शिवणी असतात. पिल्लाच्या शिवणी उघड्या दिसतात, नखाला लागतात. मोठ्याच्या बुजून जातात. म्हाताऱ्याचे दात झिजलेले असतात. नराची कवटी रुंद आणि जड असते, पण लहान नर आणि मोठी मादी यांत मीसुद्धा फसते. एवढ्यावरून जनावर ओळखू नकोस. बिल्ला तो बिल्ला.

आणि आता विचारतेच आहेस तर एक गोष्ट सांगते, ती कुणाला सांगितली नव्हती. बिल्ल्याची शंका आलीच तर धडाकडे जायचं. कवटीच्या मागे खाली दोन उंचवटे असतात, ते मानेच्या पहिल्या हाडाच्या खळग्यांत बसतात. स्वतःच्याच हाडात नीट बसतात, दुसऱ्याच्यात हलतात. जनावरं सहा असोत नाहीतर साठ, एकेक लावून बघायचं. म्हणून कवटी धन्याच्या ताब्यात जाऊन त्याने ती तपासून घेईपर्यंत मी धड कधीच टाकत नाही. फ्रीझर भरला म्हणून साहेब कितीदा ओरडलेत. ती पाणमांजरांची धडं आहेत तिथेच राहू देत.

साहेबांना पत्र आजच टाकलंय. चांगलं दोन पानी लिहिलंय, तुझ्या चेष्टेखोरपणाबद्दल एक शब्द नाही.

आत्याचं वय झालं. काल तिने मला कपाटाचे दोन खण रिकामे करून दिले आणि म्हणाली, 'आता कायमची राहणार तर पेटीतले कपडे बाहेर काढ.' मी ओरडून सांगितलं, पंधरा एप्रिलला जायचंय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि आत निघून गेली. ऐकू येत नाही ते ठीक, आता विसरायलाही लागली.

घशाला गरम पाणी घे. मास्क दुहेरी बांध.

ताई

६ मार्च

ताई,

पत्र मिळालं. साहेब खूश आहेत, तुझं पत्र त्यांनी दोनदा वाचलं. तुझे उपकार कसे फेडू.

फ्रीझर बिघडला होता म्हणून रिकामा करावा लागला. आता ठीक आहे. मंडळी मजेत.

धाकटी

२७ मार्च

संग्रहालय कार्यालय
विषय : पाणमांजराच्या सहा कवट्यांवरील क्रमांकांबाबत

महोदया,

आपणांस कळविण्यात येते की, सदर सहा कवट्यांवरील क्रमांक चुकीचे असल्याची लेखी तक्रार संबंधित संशोधक बाईंनी केली आहे. क्रमांक चारचे जनावर वृद्ध नर असल्याची त्यांची नोंद असून त्या क्रमांकाची कवटी पिल्लाची आहे. २ जानेवारी रोजीच्या, आपल्या सहीच्या नोंदपत्रकानुसार ही डोकी आपण रजेवर जाण्यापूर्वी टाकीत ठेवलेली होती. सध्याच्या प्रभारी, म्हणजे आपल्या भगिनी, यांच्या निवेदनानुसार त्यांनी टाकी उघडली तेव्हा डोक्यांना कागदी बिल्ले बांधलेले होते व ते किड्यांनी खाल्लेले होते. या हलगर्जीपणाची नोंद आपल्या सेवापुस्तकात करण्यात येत आहे.

तसेच आपला २१ जानेवारीचा वैद्यकीय अहवाल आपल्या भगिनींमार्फत कार्यालयास प्राप्त झाला आहे. त्यानुसार आपणांस सदर खोलीत यापुढे काम करता येणार नाही. आपण केलेल्या शिफारशीस अनुसरून त्या जागी आपल्या भगिनींची कायम नेमणूक करण्यात आली आहे.

कळावे.

संचालक

१ एप्रिल

धाकटे,

साहेबांचं पत्र सोबत आहे. तुला त्यातलं नवीन काही नसेल, तरी वाच. मी ते चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा मला वाटलं कचेरीतल्या कोणीतरी घोळ घातलाय आणि तू तिथे माझ्या बाजूने भांडत असशील.

मग तुझी पत्रं काढली. पाणमांजरं १६ जानेवारीला आली, हे तूच तुझ्या हाताने लिहिलंयस. २ जानेवारीला मी अजून तिथेच होते आणि खोलीत एका कोल्ह्याशिवाय काही नव्हतं. म्हणजे माझ्या सहीच्या कोऱ्या पत्रकावर तू मागची तारीख घातलीस. कागदी बिल्ले तू बांधलेस. अळ्यांनी ते खाल्ल्यावर तू नंबर अंदाजाने टाकलेस, आणि अंदाज बरा यावा म्हणून मला पिल्लू आणि मोठं कसं ओळखायचं ते विचारलंस. मी खुळी, मला वाटलं तुला कामाची गोडी लागली.

आत्याला काल समोर बसवून पाटीवर लिहून विचारलं. तिला जानेवारीपासून माहीत होतं. 'धाकटीने मला चिठ्ठी लिहिली होती, ताईला आत्ता सांगू नका, ती खचेल.' मी इथे रोज जिने चढून उतरून श्वास मोजत होते. पंखा कुठे बसवायचा त्याची आकृती काढून ठेवली होती. घरात दोन बायका, त्यातली एक बहिरी, आणि तिला सगळं ठाऊक. न ऐकणारी मीच निघाले.

रिपोर्टचं दुःख मोठं आहे, पण ते सोसता येईल, छाती माझी आहे. तू साहेबांसमोर उभी राहून 'ताईने कागद बांधले' असं म्हणालीस, ते सोसत नाही. हे म्हणताना तुझी जीभ कशी वळली? केसाने गळा कापणं लोक म्हणतात, आज कळलं ते कसं असतं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी गावभर ओरडले असते. आता आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तुला आठ दिवस देते. साहेबांकडे जा आणि जे झालं ते स्वतःच्या तोंडाने सांग. आणि मला कळव, धडं कुठे आहेत.

ताई

९ एप्रिल

ताई,

तू विचारलंस ते आधी सांगते. धडं जनरेटरच्या खोलीमागे, पालापाचोळ्याच्या खड्ड्यात पुरलीत. बिल्ल्यांसकट. फ्रीझर बिघडला नव्हता. कवट्या बाईच्या ताब्यात गेल्या आणि दोन-तीन दिवसांनी मानेच्या हाडाचं तुझं पत्र आलं. त्या दुपारी मी ती पुरली. कोणी एकेक लावून बघू नये म्हणून.

सुरुवातीला लबाडी नव्हती. पंच येईपर्यंत थांब हे तुझं पत्र यायच्या आधीच डोकी आत गेली होती. पाणमांजरबाई रोज येऊन 'झालं का' विचारत होती आणि 'पंच मोडला' म्हणायची मला लाज वाटली. वाटलं, जाड पुठ्ठा आहे, दहा दिवस टिकेल. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर टाकीच्या तळाशी नुसता भुसा. ताई, मी तो सगळा भुसा चाळला, एक आकडा सापडला नाही. तुला लिहायला कागद घेतला होता. पण रिपोर्ट त्याआधीच येऊन पडला होता आणि त्यात लिहिलं होतं की तू पुन्हा त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही.

मग माझ्या मनात आलं की ताई तर येणारच नाही. तिला डाग लागला काय आणि न लागला काय, तिला तिथे कामच करायचं नाहीये. मला मात्र खरं सांगितलं तर परत खिडकीत बसवतील, जन्मभर. अकरा वर्षं मी ती तिकिटं फाडली. अकरा वर्षं तू मला आत बोलावलं नाहीस. 'हे तुझं काम नाही, तुला चेष्टा सुचते' म्हणायचीस. छाती फुटायची वेळ आली तेव्हा किल्ली दिलीस.

साहेबांना मी सांगणार नाही. माझ्याच्याने होणार नाही. तूही सांगणार नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे. शाळेत दौत सांडली तेव्हा, बाबांचं घड्याळ मी पाडलं तेव्हा, दर वेळी मार तू खाल्लास आणि माझं नाव घेतलं नाहीस. साहेबांसमोर बोलताना मी तेच आठवत होते. ताई सांभाळून घेईल, एवढंच डोक्यात होतं.

मला खोकला लागलाय. तुझ्यासारखा. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही, पण दुसरं कोणाला सांगू.

धाकटी

३० एप्रिल

धाकटे,

शुक्रवारी मी संग्रहालयात आले तेव्हा तू वरच्या खिडकीत उभी होतीस, ते मी पाहिलं. मान वर केली नाही एवढंच. तुला तिथून काय दिसलं आणि काय नाही ते माहीत नाही, म्हणून लिहिते. मागाहून कुणाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

तुझी पत्रं मी सतरा एप्रिलला पाणमांजरबाईला रजिस्टर पोस्टाने पाठवली. सगळी, तारीखवार लावून. साहेबांना नाही, कारण साहेबांना फक्त दोषी कोण ते हवं होतं आणि त्यांना ते मिळालेलं होतं. बाईला तिची जनावरं हवी होती, आणि पत्रकावरची तारीख तिला कोणी दाखवलीच नव्हती. तुझं शेवटचं पत्र पाठवताना चार दिवस टेबलावर ठेवलं. दौतीचं आणि घड्याळाचं वाचलं की वाटायचं, जाऊ दे, हेही आपण खाऊ. पण धाकटे, दौत आपल्या घरची होती. या बाईने चार वर्षं कुजलेली जनावरं खांद्यावरून वाहिली. नदीच्या खालच्या अंगाला माणसं तेच पाणी पितात. तुझ्या अंदाजाच्या नंबरांनी वरचं पाणी खाली गेलं असतं आणि खालचं वर, आणि ते तसंच छापून आलं असतं. त्यावर माझी सही होती.

जनरेटरच्या खोलीमागे बाई फावडं घेऊन आली होती. मला खुर्ची दिली, उघड्यावर, वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे धूळ येणार नाही. सहाही धडं सापडली, पायांत बिल्ले जसेच्या तसे. मानेची हाडं तिने बादलीत धुऊन माझ्या मांडीवर मांडली. मी एकेक कवटी घेऊन लावत गेले. पहिल्या दोन लगेच बसल्या. तिसरीला वेळ लागला, दोन माद्या अगदी जोडीच्या होत्या. पाचवी बसल्यावर सहावी लावायची गरज नव्हती, तरी लावली. बसली. तू टाकलेल्या सहा नंबरांपैकी एक बरोबर होता.

साहेब शेवटी खाली आले. सेवापुस्तकातली नोंद खोडतो म्हणाले, आणि झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं असंही म्हणाले. खोलीकडे मी गेले नाही. डॉक्टरांचं लिहिणं खरंच आहे, मला आता ते कळतं, आणि ती मंडळी काही माझी वाट बघत नसणार. निघताना साहेबांनी विचारलं, 'तुमच्या बहिणीचं काय करू?' ठेवा असं मी म्हटलं नाही, काढा असंही म्हटलं नाही. तुझ्याबद्दल मला कोणी काही विचारलं आणि मी गप्प बसले, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

अकरा वर्षांचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी तुला आत घ्यायला हवं होतं. मला वाटायचं ते काम माझ्या एकटीचं आहे, आणि मला ते तसंच हवं होतं. त्याबद्दल तू मला तोंडावर शिव्या दिल्या असत्यास तर मी ऐकून घेतल्या असत्या.

खोकला अंगावर काढू नकोस. माझ्याच डॉक्टरांकडे जा, माझं नाव सांग, ते लगेच बघतील. हे मी रागाने लिहीत नाही.

मी आत्याकडेच राहणार आहे. कपाटाचे खण भरले. तू येऊ नकोस असं मी म्हणत नाही, घर आत्याचं आहे आणि तुझंही तेवढंच आहे. आलीस तर दार मी उघडीन, चहा ठेवीन, तुझं अंथरूण घालीन. तू सांगशील ते ऐकेनही, चेष्टा केलीस तर कदाचित हसेनही. पण तू बोललेलं प्रत्येक वाक्य मी मनात एकदा उलटून बघेन, खरं आहे का म्हणून. तुझ्याबाबतीत मला हे कधी करावं लागलं नव्हतं. आता रोज करावं लागेल, आणि ते माझ्याच्याने थांबणार नाही.

ताई